नाथाच्या वाट्याचं तेल

मालनबाईच्या पोरीला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं होतं, आणि त्यावर मी सांगितलेला उपाय अर्धाच होता. उरलेला अर्धा मला येत नव्हता असं नाही. येत होता, तोंडपाठ होता, परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते. म्हणून तर एवढ्या वर्षांनीही स्वतःचा राग येतो.

मी पुष्पावती, सरकारी नर्स. माहेर बेलापूरचं, म्हणजे पाटाच्या पाण्याचं; घराबाहेर पडलं की चारी बाजूंनी ऊस. माझी पहिली नेमणूक झाली ती पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या मोरदरा नावाच्या गावात, बहात्तरच्या दिवाळीच्या तोंडावर. दुष्काळ ऐन भरात होता. गावातली धडधाकट माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात, जनावरं छावणीत होती आणि घरोघरी रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल मिलोच्या भाकरी. माझं वय चोवीस, राग नाकावर, आणि भिंतीवर लावायला सरकारनं दिलेला एक तक्ता: हिरव्या पालेभाज्या खा, डोळे सांभाळा. गावात हिरवं म्हणावं असं पान दिसत नव्हतं. तरी मी तो तक्ता चार खिळे ठोकून लावला होता.

मालनबाई पोरीला घेऊन आली ती माघात. पोरगी सहा वर्षांची, नाव कडू. आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून हिला कुणाची नजर लागू नये यासाठी असं नाव.

"बाई, दिस मावळला की हिला काय दिसत न्हाई," मालनबाई म्हणाली. "कोंबड्यांसंगं घरात येती आन् भितीला हात लावून बसती. पानी मागितलं तर तांब्या पुढं असतुय, आन् ही भलतीकडंच हात घालती."

मी पोरीचा चेहरा उजेडाकडे वळवला. दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर, कडेला, साबणाच्या फेसासारखा एकेक ठिपका होता. हे काय आहे ते मला ठाऊक होतं. आहारातलं एक जीवनसत्त्व संपलं की आधी संधिप्रकाशातली नजर जाते, मग डोळा कोरडा पडतो, आणि मग एक दिवस बुबुळच विरघळून जातं. त्यावर पिवळं, तेलकट औषध येतं. दोन चमचे दिले की काम होतं. माझ्याकडची बाटली मार्गशीर्षातच संपली होती. नवी मागवली होती आणि ती येत होती, म्हणजे आली नव्हती. नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून मी दोनदा सांगितलं. कडूचा बाप सहादेव मान हलवायचा, पण दोन दिवस कामावर गेलं नाही तर मस्टरवरून नाव जाईल ही भीती त्याच्या डोळ्यांत दिसायची. त्याला काय बोलणार?

तेवढ्यात मला आठवलं, यांच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेला एक शेवगा होता. गावात तेवढा एकच हिरवा. मी म्हटलं, "मालनबाई, शेवग्याचा पाला. रोज मूठभर, तिच्या पोटात गेलाच पाहिजे. यात हयगय केलीत तर पोर आंधळी होईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही." असं बोलायची मी. भीती घातली की माणसं ऐकतात, असा माझा समज होता.

मालनबाईनं ऐकलं. इतकं ऐकलं की चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरावरून जात होते तर छपराच्या पत्र्यावर पाल्याची चादर पसरलेली. झाड उघडं पडलं तर पुढे काय, म्हणून तिनं अर्धा पाला उतरवून उन्हात वाळत घातला होता. मी पान हातात घेतलं तर ते पार पांढुरकं, गवतासारखं. मी तोंडाला येईल ते बोलले. उन्हानं रंग गेला म्हणजे त्यातला कसही गेला, वाळवायचंच तर घरात सावलीला वाळवा, असं सांगून तो सगळा पाला तिला फेकायला लावला. बिचारीनं गुपचूप फेकला. तेव्हापासून ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी ताजा पाला तोडू लागली.

अठरा दिवस झाले. मी दर चार दिवसांनी पोरीला बघत होते. ठिपके कमी होण्याऐवजी पसरत होते. आणि अठराव्या दिवशी मला डाव्या बुबुळावर पाहिजे ती चकाकी दिसली नाही. धूळ बसलेल्या काचेसारखं ते मंद वाटलं. घाबरले की मला राग येतो, तसा आला.

"तुम्ही देत नाही तिला पाला," मी म्हणाले. "माझ्यापुढे व्हय व्हय करता आणि घरी जाऊन विसरता."

मालनबाई चिडली नाही. नुसतं माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, आज माजा खाडा हाय. तुमीच या आन् बगा."

मी गेले. खरंच गेले, चोर पकडायच्या तयारीनं. चुलीपुढे पाट मांडून बसले आणि तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. तिनं पाला ताजा तोडला, देठ काढले, दोन पाण्यांतून धुतला, पाट्यावर अगदी बारीक वाटला. इतकं बारीक मी स्वतः कधी वाटलं नसतं. मग मिठामिरचीबरोबर झाकण ठेवून शिजवला. ती शिजवतानाचं पाणीसुद्धा फेकत नव्हती. मिलोची भाकरी त्यात कुस्करून तिनं कडूला समोर बसवून शेवटच्या घासापर्यंत भरवलं. पोरीला कडवट लागत होतं, तरी ती गिळत होती. अठरा दिवस हेच चाललं होतं. मला मान वर करवेना.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "जरा तेलाची फोडणी दिली तर गोड तरी लागेल तिला."

मालनबाईनं चटकन कानाच्या पाळीला हात लावला. "नाथाला तेल लागलंय न्हवं, बाई."

मी बाहेरची, मला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. डोंगरावर नाथाचं ठाणं आहे. माघी पुनवेला देवाला तेल लावतात आणि तिथपासून होळीपर्यंत गावात तळण होत नाही, लग्नं होत नाहीत, बाजेवर कुणी झोपत नाही. महिनाभर तेल देवाचं. साधी फोडणी देणारी घरं असतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण मालनबाईनं त्याच पुनवेला नाथापुढे उभं राहून जास्तीचं व्रत बोलून ठेवलं होतं: पोरीची नजर परत येऊ दे, होळीपर्यंत माझ्या घरात मायलेकींच्या तोंडाला तेलाचा थेंब लागणार नाही. माहेराहून आणलेली करडईच्या तेलाची एक बाटली देवळीत जपून ठेवली होती. ती होळीला नाथाच्या पायांवर रिती व्हायची होती.

"बरं," मी म्हणाले आणि उठले. खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. तेल म्हणजे चैन, दुष्काळात कोण तेलावाचून मरतंय, असंच मला वाटलं.

खोलीवर आले. येताना मालनबाईनं ओंजळभर पाला माझ्याही पदरात टाकला होता. मी एकटी, व्रत ना वैकल्य. तव्यात तेल टाकलं, लसूण टाकला, पाला टाकून परतला. ताटात भाजी वाढून घेतली आणि तवा तसाच कलता ठेवला. जेवता जेवता सहज नजर गेली तर कलत्या तव्याच्या कडेला तेलाचा ओघळ साचला होता, आणि तो हिरवागार होता.

घास हातातच राहिला. मालनबाईच्या पातेल्यातलं पाणी मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. पाला इतका वाटून, इतका शिजवूनही ते पाणी फिकं, कळकट होतं. आणि इथे चमचाभर तेलानं पानातलं सगळं ओढून घेतलं होतं.

मी उष्ट्या हातानंच ट्रंक उघडली. ट्रेनिंगची वही तळाशी होती. पान सापडलं. माझंच वळणदार अक्षर, खाली दोन रेघा मारलेल्या: हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. पुढे शिकवणाऱ्या बाईंच्या लाल शाईतली बरोबरची खूण.

लाज तर वाटलीच. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं आणि त्याला मला शब्द सुचत नव्हता. पान म्हणजे पान, खाल्लं की लागलं, इतकं सोपं मी धरून चालले होते. आणि इथे त्या एवढ्याशा पानात कुणीतरी डोळ्याचं बळ कुलूपबंद करून ठेवलं होतं. ऊन लागलं तर ते उडून जातं. वाटलं, शिजवलं की पान ते सैल सोडतं. आणि एवढं करूनही तेलाचं बोट धरल्याशिवाय ते आतड्यातून रक्तात जात नाही, तसंच बाहेर निघून जातं. हे कुणी ठरवलं असेल? आणि ज्या आयाबायांनी वही पाहिली नव्हती त्यांनी पालेभाजीला फोडणी द्यायची हे शोधलं तरी कसं? मी चोवीस वर्षं फोडणीची भाजी खात होते आणि ती नुसती चवीसाठी असते असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई कामावर निघायच्या आत मी तिच्या दारात होते. इंजेक्शनची एक रिकामी बाटली उकळून घेतली होती. तीत उरलेल्या, वाटून शिजवलेल्या पाल्याचं गाळलेलं पाणी घातलं, वर तेल ओतलं, बूच लावून खूप हलवलं आणि रात्रभर ठेवून दिली होती. मी बाटली काढताच मालनबाई म्हणाली, "तेल हाय का त्यात? मग उंबऱ्याच्या भाईर धरा."

मी अंगणात गेले आणि बाटली उन्हापुढे धरली. खाली पाणी होतं, गढूळ, फिकं. वर तेल तरंगत होतं, आणि पाल्याचा सगळा हिरवा रंग त्या तेलात चढला होता. ऊन त्यातून पाचूसारखं येत होतं. मालनबाई उंबऱ्याच्या आतून बघत राहिली. तिनं एकदाही पापणी हलवली नाही.

"पाल्यातलं जे डोळ्याला लागतं ते या रंगासंगतीनं तेलात जातं," मी म्हणाले. "पाण्यात येत नाही. तुमचं काही चुकलं नाही, मालनबाई. पाला भरून ठेवलेला माल आहे आणि तेल म्हणजे त्याची बैलगाडी. अठरा दिवस आपण माल भरत होतो आणि गाडी जुंपतच नव्हतो. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही."

"म्हंजी एवडा पाला खाल्ला त्यो..."

"बराचसा वाया गेला."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. कडू शेजारी येऊन तिच्या पदराशी खेळू लागली. दिवसा पोरगी कुणाही पोरीसारखी होती, हेच बघवत नव्हतं.

"होळीला बारा दिस हायेत," मालनबाई हळूच म्हणाली. "थांबतील का हिचं डोळं?"

एरवी मी थापसुद्धा मारली असती, भीती घालण्यात मी पटाईत होते. पण त्या दिवशी तोंडातून खरंच निघालं. "मला माहीत नाही. डावा थांबेल असं मला वाटत नाही."

मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं? पोरीच्या डोळ्यांसाठी बोललेलं व्रत, आणि ते पाळावं तर डोळे जाणार. मोडावं तर ज्याच्याकडे डोळे मागितले त्यालाच शब्द फिरवून सांगायचा. दोन मुलं घालवलेली बाई ती. तिसरीच्या बाबतीत देवाशी खोटं वागायची तिची छाती कशी व्हावी? आणि मला धीर धरवेना. मी म्हणाले, "असला कसला तुमचा देव, जो लेकराच्या तोंडचं..."

"बाई," मालनबाईनं मला मध्येच तोडलं. आवाज चढवला नाही, पण मी थांबले. "देवाला मधी घिऊ नगा. त्यानं काय मागितलं न्हाई. बोलले मी."

ती उठली. देवळीतली बाटली घेतली, डोक्यावर पदर घेतला आणि अंगणात, उन्हात, डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. मग शेजारणीला हाक मारावी तशा साध्या आवाजात बोलली, "नाथा, तुज्या वाट्याचं तेल पोरीला घालते. तिचं व्रत सोडवते मी. तिच्या वाट्याचं मी धरते. ह्या होळीपत्तुर न्हाई, पुढल्या होळीपत्तुर. राग आला तर माज्यावर काड."

मला ते ऐकवलं नाही. "अहो, वर्षभर?" मी म्हणाले. "दिवसभर खडी फोडता तुम्ही. तेल तुमच्याही अंगाला लागतं. उद्या तुमचे डोळे गेले तर?"

"माजं डोळं लई बगून झालेत, बाई," ती म्हणाली. "तिनं अजून काय बगितलंय?"

त्या दिवशी मालनबाई कामावर गेलीच नाही. पाला वाटला, शिजवला आणि पळीत चमचाभर तेल तापवून, त्यात लसूण टाकून वर ओतलं. चर्र झालं. सगळ्या गावात फोडणी मंद झालेल्या त्या महिन्यात लसणाचा वास गल्लीभर गेला. मालनबाईचं व्रत गावाला ठाऊक होतं, त्यामुळे दोन बाया दारापर्यंत आल्या. त्यातली छबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मालने, बाटली नाथाची न्हवं का?" मी मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "औषध शिजतंय. चमच्याचं माप मी ठरवून दिलंय." छबूबाईनं आत डोकावून पातेल्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि घरी जाऊन स्वतःच्या कोंबडीचं एक अंडं आणून ठेवलं. त्या माणसांचं मला कोडं पडायचं ते असं.

त्यानंतर माझा जीव टांगणीला लागला. रोज संध्याकाळी मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या अंगणात जायची. पहिले पाच दिवस काहीच नाही. सूर्य डोंगराआड गेला की कडूचे हात भिंत शोधायला लागायचे. सहाव्या दिवशी मला वाटलं, डाव्या बुबुळावर चकाकी आली. पण ते माझ्या मनाचं असेल म्हणून बोलले नाही. सातव्या दिवशी तिनं भिंतीला हात लावला तो जरा उशिरा. का कोण जाणे, मालनबाईला विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तिनंही मला विचारलं नाही.

दहाव्या दिवशी मी पोचले तेव्हा दिवस मावळून बराच वेळ झाला होता. रॉकेल संपल्यामुळे घरात दिवा नव्हता आणि मळभामुळे बाहेर चांदणंही नव्हतं. मालनबाई आत दुसऱ्या दिवसासाठी मिलो दळत होती, जात्याची घरघर येत होती. मी अंगणात बसले आणि बसताना माझ्या पदराची पिन निसटून पडली. मी खाली हात फिरवून चाचपू लागले. मला स्वतःलाच काही दिसत नव्हतं.

"बाई, तिकडं न्हाई," कडू म्हणाली. "ती काय, तुमच्या चपलीपाशी."

ती वाकली, पिन उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी जागची हलले नाही. चमचाभर करडईचं तेल, मूठभर पाला आणि त्यातून हे. एवढ्या अंधारात पिन दिसणं. मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेकडो बाळं या हातांवर जन्माला आली, पण त्या संध्याकाळी जसे हात जोडावेसे वाटले तसे पुन्हा क्वचितच वाटले. कुणाला जोडायचे ते कळत नव्हतं एवढंच. पाल्याला, तेलाला, की त्या आतल्या बाईला.

जातं थांबलं होतं. मालनबाईनं ऐकलं असावं. ती दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. पुढे यायला ती घाबरत होती, हे मला अंधारातही कळलं. मग एकेक पाऊल टाकत आली आणि कडूच्या पुढ्यात उकिडवी बसली.

कडू तिच्याकडे बघत होती. नीट, तोंडाकडे.

"आये," ती म्हणाली, "तुज्या कपाळाला पीट लागलंय."

मालनबाईचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिनं तो खाली घेतला.

"कुटं?" ती म्हणाली. "दाव बरं."

कडूनं बोट पुढे केलं आणि नेमकं तिथे ठेवलं.